यूनाच्या खिडकीतून दिसणारं घर

मर्सर्स कोव्ह
१७ जानेवारी

पोरी व्हर्ना,

तुझं नाताळचं कार्ड पोचलं. बर्फानं फेरीबोट अडकली होती म्हणून ते नव्या वर्षात आलं, पण आलं. आत दोन ओळी. ‘मी बरी आहे. काम खूप आहे.’ गेल्या वर्षीही ह्याच होत्या. दोन्ही कार्डं मी खिडकीत शेजारी शेजारी लावली आहेत. यंदा अक्षर जरा उजवीकडे कललं आहे. वारा तिकडे अल्बर्टातही असेलच.

आता बातमी ऐक आणि हस. तुझा बाप शहात्तराव्या वर्षी शाळेत जायला लागला आहे.

आपल्या बंद पडलेल्या शाळेतच वर्ग भरतो. सेंट जॉन्सच्या एका कॉलेजातून कॉलीन नावाची पोरगी दर दुसऱ्या बुधवारी बोटीनं येते. लाल टोपी, पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी. आम्ही अकरा म्हातारे लहान पोरांच्या खुर्च्यांवर बसतो. गुडघे कानाला लागतात. विषयाचं नाव एवढं लांब आहे की गस बफेट म्हणाला, “हे नाव म्हणेपर्यंत भरती ओसरेल.” मला समजलं ते असं, की गावाची एखादी अडचण धरायची आणि तिच्यावर गावातल्याच माणसांनी नवी तोड काढायची. बाहेरून कुणी शहाणा येईल म्हणून बसून राहायचं नाही. आणि अशी तोड काढणं शिकता येतं, सुतारकामासारखं, असं कॉलीनचं म्हणणं.

पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, “सेल्बीकाका, तुम्ही कुठली अडचण घेणार?”

मी विचार न करता बोलून गेलो, “एकटी राहणारी माणसं.”

कॉलीननं ते फळ्यावर लिहिलं. यूना स्किनर माझ्या पुढच्याच खुर्चीवर होती. तिनं वळून पाहिलं नाही.

यूनाचं नाव वाचून पत्र बाजूला ठेवू नकोस. तुझी आई गेल्यावर आपल्या स्वयंपाकघरात, माणसं ताटं हातात धरून उभी असताना, तू तिला काय म्हणालीस ते मला पाठ आहे. “तुझ्या खिडकीतून आमचं दार दिसतं. दोन दिवस काय बघत होतीस?” मग सगळ्यांना म्हणालीस, “तीस घरं, आणि एकालाही डोळे नाहीत.” यूनानं ताट ठेवलं आणि ती निघून गेली. बोटीवर चढताना मला म्हणालीस, “बाबा, तू या माणसांत राहतोस तोवर मी येणार नाही.” त्याला जूनमध्ये आठ वर्षं होतील. शब्दाची पक्की आहेस. आईवर गेलीस.

मला दुसरं काही नको. तू एकदा या धक्क्यावर उतरावीस, एवढंच. तिसांतली एकोणीस घरं उरली आहेत. त्यांना डोळे फुटले तर कदाचित तू येशील, म्हणून मी पोरांच्या खुर्चीवर बसतो. कॉलीनला हे कारण सांगितलेलं नाही.

तुझा बाप,
सेल्बी


७ फेब्रुवारी

व्हर्ना,

बर्फ गुडघ्यापर्यंत. खाडी इतकी शांत आहे की पलीकडच्या काठावर कुणी खोकलं तर कोण खोकलं ते कळतं.

या खेपेला कॉलीननं प्रश्न विचारायला शिकवलं. मी म्हटलं, त्यात काय शिकायचं? ती म्हणाली, “काका, तुम्ही माणसांना ‘काय हवं?’ असं विचारू नका. ‘काल सकाळी उठल्यावर काय केलंत?’ असं विचारा. आणि मग तोंड मिटून बसा.”

तोंड मिटून बसणं मला जड जातं, तुला ठाऊक आहे. पण बसलो. गसच्या घरी तासभर बसलो. एक्क्याऐंशी वर्षांचा गडी, पहिल्यांदा मला त्याची सकाळ कळली. उठतो, शेगडीवर किटली ठेवतो आणि खिडकीशी जाऊन खाडीकडे बघतो. वाऱ्याची दिशा बघतो म्हणे. होडी विकून बारा वर्षं झाली त्याला.

“मग वारा बघून करतोस काय?” मी विचारलं. हा प्रश्न कॉलीनच्या कागदावर नव्हता.

“काही नाही. पण बघितल्याशिवाय चहा उतरत नाही.” मग म्हणाला, “पूर्वी वारा बघायला धूर होता. तीस धुराडी. धूर सरळ म्हणजे वारा नाही, झुकला म्हणजे नैर्ऋत्येचा, आणि एखाद्या घरी धूरच नाही, तर आपण जाऊन बघत होतो काय झालं ते. आता सगळ्यांच्या घरी वीज. घरं आहेत की दगड आहेत, कळत नाही.”

मी तिथून उठलो. त्याला वाटलं मला घाई आहे.

चुलीची गोष्ट तुला थोडी ठाऊक आहे. आपली लोखंडी चूल मी माझ्या हट्टानं काढली. लाकडं फोडून माझे खांदे गेले होते. विजेची शेगडी आणून बसवली, धुराडं पत्र्यानं बंद केलं. ऑर्फा, तुझी आई, एवढंच म्हणाली, “धूर नाही म्हणजे घराला तोंड नाही, सेल्बी.” मी हसलो होतो.

आपल्या घरचा धूर थांबून अडीच महिने झाले होते, तेव्हा ती पडली.

बाकी ठीक. चाळीस वर्षं होड्या बांधल्याचा इथे एक फायदा झाला. कॉलीन म्हणाली, पूर्ण गोष्ट उभी करण्याआधी छोटी करून बघा, पुठ्ठ्याची, फडक्याची, कशाचीही. मी म्हटलं, पोरी, हे आम्ही जन्मभर करत आलो. होडी बांधण्याआधी हाताएवढ्या लाकडातून तिचा अर्धा आकार तासतो. अर्धाच पुरतो, कारण दुसरी बाजू तशीच असते. तिनं ते वहीत लिहून घेतलं. माझं वाक्य कुणी वहीत लिहून घेण्याची ही पहिलीच वेळ.

बाबा


१३ मार्च

व्हर्ना,

माझी पहिली तोड पार आपटली. सांगतो, पण कुणाला वाचून दाखवू नकोस.

कॉलेजातून छापील कागद आले होते. त्यात लिहिलं होतं : ‘ठरलेल्या दिवशी मुख्य दारावर टकटक करून भेट द्यावी व नोंद करावी.’ मी पाचवीतून शाळा सोडलेला माणूस. छापलेल्या अक्षरापुढे मला अजून टोपी काढावीशी वाटते. तेव्हा गेल्या मंगळवारी हातात कागद, कानाला पेन्सिल लावून मी गसच्या मुख्य दाराशी गेलो.

आता त्याचं मुख्य दार तुला आठवतंय ना? सगळ्यांचं असतं तसंच. जमिनीपासून छातीएवढं वर, खाली पायरी नाही. त्याच्या आजोबानं घर बांधताना पायऱ्या पुढच्या वर्षी करू म्हणून सोडल्या, त्या आजपर्यंत. ते दार आहे ते आहे, हवेत टांगलेलं, स्वप्नातल्या दारासारखं. आपण मागून स्वयंपाकघरात शिरतो आणि आत आल्यावर ‘आलो रे’ म्हणतो. पण कागदात ‘मुख्य दार’ होतं. मी माशाचा रिकामा खोका आणला, त्याच्यावर चढलो आणि टकटक केली.

आत काहीतरी पडून फुटल्याचा आवाज आला. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग कुलूप कुरकुरलं, रंगानं चिकटलेलं दार हिसक्यानं उघडलं, आणि समोर गस, चुन्यासारखा पांढरा.

“कोण गेलं?” त्यानं विचारलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याचा मुलगा समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर काम करतो. मर्सर्स कोव्हमध्ये पुढच्या दारावर टकटक कोण करतं? पोलीस नाहीतर पाद्री.

“कुणी नाही रे, मी आहे. सेल्बी.”

“मग मेल्या, टकटक कशाला केलीस? तुझे हात काय मागच्या दाराला पोचत नाहीत?”

त्यानं मला दंडाला धरून खोक्यावरून आत ओढून घेतलं आणि त्या दारातून आत गेलेला मी बहुतेक गेल्या पन्नास वर्षांतला पहिला माणूस. फुटला तो त्याच्या बायकोचा कप होता. मी गोळा केला, घरी आणला, चिकटवतो आहे.

वर्गात कबूल केलं तेव्हा यूना हसली. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत. तिला हसताना मी आठ वर्षांत पाहिलं नव्हतं.

बाबा


१० एप्रिल

व्हर्ना,

आज वर्गात एक गोष्ट उलगडली, आणि ती मी नाही, आम्ही सगळ्यांनी मिळून उलगडली.

अकरा जणांनी अकरा जणांच्या सकाळी ऐकल्या होत्या. त्या फळ्यावर लिहिल्यावर कॉलीन मागे सरकली आणि म्हणाली, “मी गप्प. तुम्ही बघा.”

बघता बघता मर्टल हॅचर म्हणाली, “अगंबाई, कुणालाच कुणी आपली काळजी घ्यायला नको आहे!”

खरंच तसं होतं. मर्टलला नको, गसला नको, मलाही नको. ‘मी काय मेलोय?’ हे वाक्य फळ्यावर सात वेळा होतं. पण दुसऱ्याची काळजी मात्र प्रत्येकाला घ्यायची होती. एक सांगतो मी त्या बिचाऱ्या गसवर लक्ष ठेवीन, गस सांगतो मी त्या बिचाऱ्या मर्टलवर. बिचारं कुणीच नाही आणि रखवालदार सगळे.

मग तोड आपसूक पुढे आली. खाडी घोड्याच्या नालासारखी, घरं तिच्या काठानं. प्रत्येकाच्या खिडकीतून कुणाची तरी खिडकी दिसतेच. प्रत्येकानं एक घर घ्यायचं. सकाळी आठच्या आत स्वयंपाकघराचा पडदा वर गुंडाळायचा. खाली दिसला, तर ज्याच्या वाट्याला ते घर त्यानं जायचं, मागच्या दारानं, टकटक न करता. पडदा खाली म्हणजे काय हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. प्रेतयात्रा जाताना आपण पडदेच खाली ओढतो. कुणाला फोन नको, कागद नको. वारा बघायला खिडकीशी जातोच आहोत, त्यातच काम.

वाटणी सुरू झाली. मी गसचं घर घेतलं, कप फोडल्याचं देणं होतं. गसनं मर्टलचं. असं करत करत साखळी फिरून यायची होती. तेवढ्यात यूना उभी राहिली. ती वर्गात उभी राहून कधी बोलत नाही.

“मला सेल्बीचं घर द्या,” ती म्हणाली.

सगळे जमिनीकडे बघायला लागले. मी म्हटलं, “यूना, तू दुसरं कुठलंही घे. चर्चजवळचं घे.”

“नको. माझ्या खिडकीतून जे दिसतं तेच मी घेणार.” आणि ती खाली बसली.

पोरी, मला त्या वेळी काहीतरी बोलायला हवं होतं. तिथे, सगळ्यांसमोर. मी पेन्सिल तासत बसलो. कॉलीननं खडूनं यूनाच्या नावापासून माझ्या नावापर्यंत बाण काढला, आणि तास संपला.

बाबा


२२ मे

व्हर्ना,

चालली आहे. आमची साखळी चालली आहे!

सकाळी साडेसहाला मी खिडकीशी उभा राहतो. पाणी करड्या रंगाचं, आभाळ त्याच रंगाचं, मधली घरं दोघांच्या मध्ये तरंगत असल्यासारखी. मग एक पडदा वर जातो. मग पलीकडे दुसरा. झोपलेलं जनावर एकेक पापणी उघडतं तसं गाव उघडत जातं. मला वाटतं मी अजून झोपेतच आहे आणि हे सगळं कुणीतरी मला दाखवतं आहे. गसचा पडदा मुद्दाम आठला दोन मिनिटं कमी असताना जातो. मला छळायला. मी कोट चढवून दारापर्यंत आलो की भुर्रकन वर.

मर्टलचा पडदा दोनदा खाली राहिला. दोन्ही वेळा झोप. पण दुसऱ्या वेळी गस तिच्याकडे तळलेल्या पिठाचे गरम टूटन खाऊन आला, काकवी घालून, आणि तेव्हापासून तिचा पडदा वरचेवर खाली राहायला लागला आहे. कॉलीन म्हणते हा परिणाम आम्ही आखलेला नव्हता, पण वहीत लिहिते.

माझा पडदा मी सहालाच वर करतो. समोर यूनाची खिडकी. ती हात करत नाही, मीही नाही. बघते, आणि आत जाते.

तिला काय बघावं लागतंय आणि का, हे मला ठाऊक आहे. ते तुला लिहायला मी तीनदा बसलो. तिन्ही कागद विजेच्या शेगडीवर जळत नाहीत, तोच तर तिचा दोष.

बाबा


२३ जून

व्हर्ना,

परवाचा दिवस सांगतो. हसशील आणि मग हसणार नाहीस.

कॅपलिनचे दिवस आहेत. बोटाएवढे रुपेरी मासे लाटेबरोबर वाळूवर येऊन पडताहेत, आणि नेहमीप्रमाणे त्यांच्याबरोबर धुकं. आता मला सांग, या किनाऱ्यावर वर्षातले निम्मे दिवस धुकं. अकरा माणसं, सगळ्यांची मिळून आठशे वर्षं या धुक्यात गेलेली. महिनोन्‌महिने आम्ही खिडक्यांतून खिडक्या बघण्याची योजना आखली, खडूचे बाण काढले, आणि एकाच्याही तोंडून धुकं हा शब्द निघाला नाही! कॉलीन बाहेरची, तिला काय माहीत. आम्हाला ते इतकं अंगवळणी, की त्याची आठवणच राहिली नाही. मला तरी राहायला हवी होती. सगळ्यांत आधी मला.

एकवीस तारखेला सकाळी धुकं असं उतरलं की खिडकीबाहेर हात काढला तर बोटं दिसेनात. समोरचं घर नाही, खाडी नाही, आभाळ नाही. आठ वाजले. प्रत्येकजण आपापल्या खिडकीशी उभा, समोर पांढरी भिंत. पडदा वर की खाली? देव जाणे. तेव्हा प्रत्येकानं तेच केलं जे ठरलं होतं. कोट घातला आणि आपल्या वाट्याच्या घराकडे निघाला.

सगळे. एकाच वेळी. एकाच दिशेनं.

गस मर्टलच्या घरी पोचला. दार उघडं, किटली गरम, मर्टल नाही. तो तिला हाका मारत पुढे निघाला. मर्टल तोवर पुढच्या घरी पोचली होती. तिथेही किटली गरम, माणूस नाही. पुढेही तेच. धुक्यात पावलं ऐकू येत होती, पुढे कुणीतरी, मागे कुणीतरी, हाका मारल्या तर आवाज कुठून येतो कळेना. मर्टल म्हणते तिला वाटलं आपण मेलो आहोत आणि हे मेल्यानंतरचं मर्सर्स कोव्ह आहे, चहा तयार पण माणसं नाहीत.

एकच माणूस घरात होता. मी. पडदा खाली ओढून, पांघरूण डोक्यावर घेऊन. एकवीस जून, तुझी आई गेली तो दिवस. मला उठायचं नव्हतं.

मागचं दार वाजलं नाही, उघडलं. बूट. मग यूना खोलीच्या दारात, केसांवर धुक्याचे थेंब.

“सेल्बी, आहेस का?”

“आहे.”

“मग पडदा?”

“आज एकवीस.”

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली आणि किटली ठेवायला गेली.

मग एकामागून एक सगळे आले. यूनाचं घर ज्याच्याकडे होतं तो तिला शोधत आला, त्याला शोधत त्याचा रखवालदार, त्याला शोधत पुढचा. माझं स्वयंपाकघर ओल्या कोटांनी भरलं. शेवटी गस, अख्ख्या खाडीला वळसा घालून, लालबुंद होऊन.

“आणि माझ्याकडे कोण आलं? कुणी नाही! मी मेलो असतो तर? माझा पहारेकरी इथे लोळतोय!”

असं हसू फुटलं की बशा वाजल्या. मीही हसलो, आतल्या विजारीवर उभा राहून. आणि हसता हसता, पोरी, मला रडू आलं, आणि मी त्यांना ते सांगितलं.

ते आता तुला सांगायचं आहे. आज इथेच थांबतो. उद्या नीट बसून लिहितो.

बाबा


२४ जून

व्हर्ना,

ही चौथी खेप. या वेळी कागद सरळ टपालात जाईल.

आई गेली तेव्हा मी होडीनं दोन तासांवर, गूज आर्म गावी माझ्या दोस्ताकडे, लीवायकडे होतो. तुला सांगितलं, धुक्यानं तीन दिवस अडकलो, रविवारी सकाळी सुटलो. ते खरं नाही.

मी गुरुवारी घरातून भांडून निघालो. भांडण चुलीचं. ती म्हणाली, चूल परत बसव. मी म्हणालो, तुला हवी तर तू फोड लाकडं. कॅपलिन आणायला जातो म्हणून होडी काढली. कॅपलिन तर आपल्याच वाळूवर पडले होते. शुक्रवारी धुकं उतरलं, तेवढं खरं. पण शनिवारी दुपारी ते उठलं. लख्ख. लीवाय म्हणाला, “निघ आता, दोन तासांत घरी पोचशील.” मी म्हणालो, “परत उतरेल.” आणि पत्ते मांडले. मला वाटत होतं, राहू दे तिला एक रात्र एकटीला, कळू दे.

डॉक्टरचा कागद तू माझ्याआधी वाचलास. तू नर्स आहेस, तुला जास्त समजला. शनिवारी सकाळी पडली, संध्याकाळपर्यंत श्वास होता. मी दुपारी निघालो असतो तर.

वाक्य पुरं करत नाही. तू कर.

आणि मग तू यूनावर ओरडलीस, आणि मी हातात ताट धरून उभा राहिलो. हे त्याहून वाईट. ते एका दिवसाचं होतं, हे आठ वर्षांचं.

एकवीस तारखेला मी सगळ्यांसमोर म्हटलं, “धुकं शनिवारी दुपारीच उठलं होतं.”

कुणी दचकलं नाही. गस हळूच म्हणाला, “अरे सेल्बी, धुकं काय तुझ्या एकट्याच्या मालकीचं होतं? आमच्याही दारातून उठलं ना ते.”

यूना म्हणाली, “त्या दुपारी मी चादरी वाळत घातल्या होत्या.”

त्यांना सगळ्यांना ठाऊक होतं, व्हर्ना. पहिल्या दिवसापासून. फक्त तुला नव्हतं.

मी यूनाला विचारलं, “मग ती तुझ्यावर ओरडली तेव्हा बोलली का नाहीस?”

ती कप पुसत होती. “तुझी होडी नव्हती, मला वाटलं ऑर्फाही तुझ्याबरोबर गेली. जाऊन बघायला हवं होतं, ते मी बघितलं नाही, ते माझं. पण त्या पोरीची आई गेली होती. तिला कुणावर तरी ओरडायचं होतं. तुझ्यावर ओरडली असती तर एका आठवड्यात आई-बाप दोन्ही गेले असते तिचे. म्हटलं, ओरडू दे माझ्यावर.” मग कप ठेवून म्हणाली, “पण ती तुझ्याकडेही आली नाहीच. माझीही तोड फसली म्हणायची.”

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. एवढंच सांगतो की या गावाला डोळे होते. तोंड नव्हतं, ते माझं.

सेल्बी


९ ऑगस्ट

व्हर्ना,

तीन बोटी आल्या आणि गेल्या. प्रत्येक वेळी मी धक्क्यावर होतो, टपाल उतरवायला मदत करायला म्हणून. वर्ग संपला. धुक्याच्या दिवसाचं आता आम्ही असं ठरवलं आहे की त्या दिवशी खिडकी नाही; सगळ्यांनी चालत निघायचं आणि पाळीपाळीनं एकाच्या घरी जमायचं. कॉलीन शेवटच्या दिवशी म्हणाली, “तुमच्या आखणीत सगळ्यांत चांगला निघाला तो तिच्यातला दोष.” गस म्हणाला, “मग आमच्यातून अजून बरंच निघेल.”

आज सकाळी साडेनवाला माझ्या खिडकीतून मला यूना दिसली. फोन कानाला, पाठ माझ्याकडे, हाताला पीठ. आधी उभी होती. मग भिंतीला टेकली. मग स्टूल ओढून बसली. तिचा फोन कधी दोन मिनिटांवर जात नाही. तिला वाटतं लांबच्या माणसाचा आवाज वापरून संपतो. चाळीस मिनिटं. मी घड्याळ बघत होतो, लाज वाटली तरी.

मग ती मागच्या दारानं आली, बसली, पीठ तसंच.

“व्हर्नाचा होता,” ती म्हणाली.

मला खुर्ची सापडेना. “काय म्हणाली?”

“माझ्या गुडघ्यांचं विचारलं. कुठला जास्त दुखतो, जिना चढताना की उतरताना. सूज दाबून बघायला लावली. ती औषध पाठवणार आहे आणि मी मीठ कमी खायचं आहे.”

“चाळीस मिनिटं गुडघे?”

“दोन आहेत ना.”

मी थांबलो. कॉलीननं शिकवल्याप्रमाणे तोंड मिटून बसलो, पण मी काही चांगला विद्यार्थी नाही. “रडली?”

“ते मी तुला सांगणार नाही. तिनं मला सांगितलं, तुला नाही.”

“आणि माझं काही?”

यूनानं माझ्याकडे सरळ बघितलं. खूप दिवसांनी. “तुझं नाव निघालं नाही, सेल्बी.”

मी मान हलवली. मला वाटलं होतं हे ऐकून मी खचेन. खचलो नाही. राग चुकीच्या घरी आठ वर्षं पडून होता, तो तू तिथून उचललास. आता तो माझ्याकडे येईल, आणि यायला हवा. पत्रातून आला तरी चालेल, फोनवर आला तरी, किंवा नाहीच आला तरी मी धक्क्यावर जातच राहीन, कारण टपाल उतरवायला खरंच माणसं कमी आहेत.

यूना उठली, तिनं माझ्या कपात आणखी चहा ओतला आणि डब्यातलं दूध शोधायला लागली. ते कुठल्या फळीवर असतं हे मला तिला सांगावं लागलं. शेजारीण असून तिला ठाऊक नव्हतं; एकवीस जूनलाही ती उभ्यानं कपच पुसत राहिली होती. आठ वर्षांत ती माझ्याकडे बसून चहा प्यायलीच नव्हती.

बाबा